होडी पाण्यात की चाकांवर?

स्वतःची मोटरबोट असावी ही हौस एके काळी संस्थानिक आणि गिरणीमालक यांच्यापुरतीच मर्यादित होती. आता मांडवा-अलिबाग परिसरात घर घेतलेले मुंबईकर, मुळशी वा पवना जलाशयाकाठी जागा असलेले पुणेकर आणि मासे पकडण्याचा छंद असलेले काही व्यावसायिक पंधरा-अठरा फुटी फायबर ग्लासची होडी घेण्याचा विचार करू लागले आहेत. अशा वेळी चर्चा होते ती इंजिन किती अश्वशक्तीचे असावे, ते दोन स्ट्रोकचे की चार स्ट्रोकचे, माणसे किती बसतील, याची. होडी राहणार कुठे, हा प्रश्न बहुधा होडी दारात आल्यावरच सुचतो. वास्तविक पहिला प्रश्न तोच असावयास हवा. होडी वर्षभर पाण्यात नांगरून ठेवायची की ट्रेलरवर चढवून घरी आणायची, यावरच तिचा खर्च, तिचे आयुष्य आणि मुख्य म्हणजे ती खरोखर किती वेळा वापरली जाईल, हे ठरते.

पाण्यात ठेवलेल्या होडीचे सुख उघड आहे. किनाऱ्यावर यावे, होडीत बसावे, इंजिन चालू करावे आणि निघावे. ट्रेलरच्या होडीला तयारीसाठी सहज पाऊण तास जातो, परतल्यावर तेवढाच वेळ पुन्हा; शिवाय मीठ धुण्याचे काम वेगळेच. संध्याकाळी दोन तास मोकळे मिळाले म्हणून होडी काढली, असे ट्रेलरवाल्याच्या बाबतीत सहसा घडत नाही. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या मंडळींना ट्रेलरची होडी सोयीची वाटते, कारण तेथे तळ्याकाठी काँक्रीटचे उतार, गाड्या लावायला मोकळी जागा आणि ओढण्यास योग्य अशी वाहने असतात. आपल्याकडे हे तिन्ही एकत्र सापडणे कठीण.

मात्र आपल्या किनाऱ्यावर ‘होडी पाण्यात ठेवणे’ म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. परदेशातील छायाचित्रांत दिसते तशी मरिना, म्हणजे तरंगत्या फलाटांना ओळीने बांधलेल्या होड्या, भारतात विरळाच. कोचीच्या बोलघाटी बेटावर ती आहे. मुंबई बंदरात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो. स्थिर धक्क्याला आखूड दोराने बांधलेली होडी ओहोटीला टांगली जाईल. दोर सैल ठेवला तर भरतीला ती धक्क्याखाली शिरून चेपेल. म्हणूनच गेटवे ऑफ इंडियासमोर दिसतात त्या खासगी होड्या धक्क्याला नव्हे, तर बोयाला बांधलेल्या असतात. समुद्रतळाशी जड ठोकळा, त्याला साखळी, साखळीला बोया आणि बोयाला होडी, अशी ही रचना. वारा आणि प्रवाह फिरेल तशी होडी स्वतःभोवती फिरते. तिच्यापर्यंत पोहोचायला दुसरी लहान होडी लागते, हे नवख्या मालकाच्या लक्षात येत नाही. साखळीचे दुवे आणि त्यांना जोडणारे शॅकल पाण्याखाली झिजत असतात. पाणबुड्या घालून वर्षातून निदान दोनदा त्यांची पाहणी करून घेणे, ही या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी गोष्ट आहे. होडी सुटून खडकावर गेली की चौकशी दोराची होते. दोष बहुतेक वेळा त्याखालच्या लोखंडात असतो.

पाण्यातील होडीचा दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही, कारण तो पाण्याखाली वाढतो. उष्ण समुद्रात बुडालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर काही तासांतच सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर बसतो. त्यावर शेवाळ येते आणि काही आठवड्यांत बार्नॅकल हे कवचधारी जीव सिमेंटने चिकटवल्यासारखे ठाण मांडतात. वेगवान होडी पाण्यावर उचलली जाऊन धावते. तिचा तळ खरखरीत झाला की ती उचललीच जात नाही. इंजिन ओरडते, पेट्रोल दुप्पट वेगाने संपल्यासारखे वाटते आणि मालक इंजिन दुरुस्त करणाऱ्याला बोलावतो. यावर उपाय म्हणजे तांबेयुक्त विषारी रंग. तो दरवर्षी, निदान दीड वर्षाने पुन्हा लावावा लागतो आणि त्यासाठी होडी पाण्याबाहेर काढावीच लागते.

या रंगांचा इतिहास बोधप्रद आहे. तांब्यापेक्षा प्रभावी म्हणून ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग रंगात मिसळले जाऊ लागले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरातील कालवांची पैदास कोसळली, शिंपले वेडेवाकडे आणि जाड होऊ लागले, आणि संशय या रंगावर गेला. फ्रान्सने १९८२ मध्ये पंचवीस मीटरपेक्षा लहान होड्यांना तो लावण्यास बंदी केली. म्हणजे कालवांच्या शेतीचे नुकसान मोठ्या जहाजांइतकेच हौशी मंडळींच्या छोट्या होड्यांनीही केले होते, कारण त्या एकाच उथळ उपसागरात महिनोन्‌महिने उभ्या असत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा यासंबंधीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. जुन्या डब्यात शिल्लक राहिलेला ‘फार चांगला’ रंग कोणी देऊ केला तर तो का घेऊ नये, याचे उत्तर या घटनेत आहे.

फायबर ग्लासला पाणी लागत नाही, हा समजही अर्धसत्य आहे. बाहेरच्या गुळगुळीत जेलकोटमधून पाण्याचे रेणू अतिशय सावकाश आत झिरपतात, आतील रेझिनमधील विद्राव्य घटकांशी त्यांचे मिश्रण होते, दाब वाढतो आणि तळावर फोड येतात. पाणी जितके उबदार, तितकी ही क्रिया जलद. एक-दोन दिवस पाण्यात राहून पुन्हा कोरड्या होणाऱ्या होडीला हा विकार सहसा जडत नाही. कायम पाण्यात राहणाऱ्या होडीला, ती नवी असतानाच, तळाला इपॉक्सीचा अडसर-थर देणे शहाणपणाचे. लाकडी होडीचे मात्र नेमके उलटे आहे. ती पाण्यात राहिली तर फळ्या फुगून सांधे घट्ट राहतात; उन्हात वाळवत ठेवली की सांधे उघडतात आणि पाण्यात उतरवताच ती गळू लागते. लाकूड पोखरणारे समुद्री जीव तिला पाण्यात सुखाने राहू देत नाहीत, ही गोष्ट वेगळी. लाकडी होडी दर रविवारी ट्रेलरवरून ने-आण करण्याची कल्पना मात्र कोणी मनात आणू नये.

धातूंचा प्रश्न याहून किचकट. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक. त्यात पितळ, पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना जोडलेले असले की एक प्रकारची बॅटरीच तयार होते आणि सर्वांत दुबळा धातू विरघळू लागतो. हा दुबळा धातू इंजिनाचा पाय ठरू नये, म्हणून त्यावर जस्ताचे किंवा विशिष्ट ॲल्युमिनियम मिश्रधातूचे तुकडे बसवतात. ते स्वतः झिजून इंजिन वाचवतात. निम्मे झिजले की बदलायचे, असा संकेत आहे. ते गुळगुळीत, नवेकोरे दिसत असतील तर आनंद मानू नये. त्यांचा विद्युतसंपर्क तुटला आहे किंवा कोणीतरी त्यांना रंग फासला आहे, असे समजावे. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करीत नाही. तेथे मॅग्नेशियमचे तुकडे लागतात. समुद्रातून धरणाच्या जलाशयात होडी नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. बाहेरून लावायचे इंजिन बोयावर असताना पूर्ण उचलून पाण्याबाहेर ठेवता येते. ते तसे ठेवलेच पाहिजे.

आता पावसाकडे वळू. नांगरलेली होडी समुद्राच्या पाण्याने बुडते असे आपण मानतो. पुष्कळदा ती आकाशातून पडणाऱ्या पाण्याने बुडते. पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद होडीचे क्षेत्रफळ ढोबळमानाने दहा चौरस मीटर धरू. शंभर मिलिमीटर पाऊस पडला की तिच्यात एक घनमीटर, म्हणजे एक टन पाणी जमा होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या हिशेबाने उघड्या होडीत साडेनऊ टनांच्या जवळपास पाणी पडले असते, म्हणजे ती कधीच तळाला गेली असती. तळाचे पाणी उपसणारा छोटा विजेचा पंप ताशी पाचशे गॅलनचा असे सांगून विकला जातो. अमेरिकी गॅलन धरल्यास हे सुमारे एकोणीसशे लिटर होतात, परंतु हा आकडा पाणी वर उचलण्याची उंची, नळीची लांबी आणि बॅटरीची अवस्था आदर्श असतानाचा. प्रत्यक्षात निम्मे मिळाले तरी समाधान मानावे. हा पंप दोन-अडीच अँपिअर वीज घेतो, आणि बोयावर बॅटरी भरणारे कोणी नसते. छोटे सौर पॅनेल आणि घट्ट ताणलेले ताडपत्रीचे आच्छादन हे दोन्ही नसतील, तर पाण्यात ठेवलेल्या होडीचा मालक प्रत्येक वादळी रात्री जागाच राहणार.

पावसाचा हा हिशेब ट्रेलरवाल्यांनाही लागू आहे, हे विसरू नये. अंगणात उभ्या असलेल्या होडीचा तळाचा बूच काढून, नाळ थोडी वर करून ठेवली नाही, तर एक टन पाण्याने ट्रेलरचे आणि होडीच्या तळाचे व्हायचे ते होते. आणि हाच बूच पाण्यात उतरताना परत लावायला विसरणे, हा ट्रेलरवाल्यांच्या जगातील सर्वांत प्रसिद्ध अपघात. बूच इंजिनाच्या किल्लीलाच बांधून ठेवण्याची युक्ती साधी आहे, पण तिने अनेकांची अब्रू वाचवली आहे.

ट्रेलरचा विचार करताना मूळ मुद्दा वजनाचा. एक नमुन्याचा हिशेब मांडू. साडेपाच मीटर होडीचे कवच साडेसहाशे किलो, ११५ अश्वशक्तीचे चार स्ट्रोकचे इंजिन सुमारे १७० किलो, शंभर लिटर पेट्रोल ७५ किलो, बॅटरी, नांगर, दोर, जीवरक्षक जाकिटे आणि इतर सामान मिळून शंभर किलो, खुद्द ट्रेलर तीनशे किलो. बेरीज तेराशे किलोच्या घरात जाते. विक्रेता सांगतो तो आकडा बहुधा फक्त कवचाचा असतो. ओढणाऱ्या मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेली नसेल, तर ती मोटार या कामासाठी नाही, असेच मानावे. एवढे वजन मागे घेऊन ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाट उतरणे म्हणजे केवळ इंजिनाच्या ताकदीचा प्रश्न नव्हे. चढण कशीबशी पार होते. उतारावर मागचे वजन पुढच्या मोटारीला ढकलते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत आणि एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या जोडाच्या गोळ्यावर यावा. तो भार फार कमी झाला की वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावू लागतो आणि शेवटी मोटारीलाच फिरवतो. पेट्रोलच्या टाक्या, नांगर असे जड सामान होडीत कोठे ठेवले यावर हे अवलंबून असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. ‘त्याला इंजिन नाही, मग नोंदणी कशाला’ हा युक्तिवाद रस्त्यावर चालत नाही. विमा काढताना होडी ट्रेलरवर असतानाचा आणि पाण्यात असतानाचा धोका दोन्ही लिहून घ्यावेत.

खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगे हे दुखणे वेगळेच. लांबच्या प्रवासात चाकाचा आस तापतो. तो तसाच समुद्रात बुडवला की आतील हवा आकसते आणि खारे पाणी आत ओढले जाते. पुढच्या प्रवासात ते बेअरिंग गंजून अडकते, बहुधा रात्री आणि बहुधा घाटात. किनाऱ्यावर पोहोचल्यावर अर्धा तास थांबावे, चहा घ्यावा, दिव्यांची वायर सोडवावी, मग उतरावे. परतल्यावर ट्रेलर, ब्रेक आणि इंजिनाचा पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुवावा. मोठ्या सोसायटीत हे पाणी कोणाच्या टाकीतून येणार, यावरून कार्यकारिणीच्या सभेत वादंग माजू शकतात. सात मीटरच्या ट्रेलरला वाहनतळात जागा मिळवणे हा त्याआधीचा अंक.

होडी उतरवायची ती भरतीच्या वेळीच. चांगल्या उताराचा चढ बारा ते पंधरा टक्के असावा, असे अमेरिकेतील मार्गदर्शक सांगतात. आपल्याकडे बहुधा मासेमारीच्या धक्क्यालगतचा एखादा दगडी उतार मिळतो, तोही परवानगीने, आणि ओहोटीला त्याचे खालचे टोक शेवाळात व चिखलात संपते. बाराव्या हिश्श्याचा नियम येथे उपयोगी पडतो. भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे बाराव्या हिश्श्यांत एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा प्रमाणात चढते. साडेचार मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांत दर तासाला एक मीटरहून अधिक पाणी वाढते किंवा घटते. उतारावर होडी चढवताना एखादा दोर अडकला आणि वीस मिनिटे गेली, तर पाणी निघून गेलेले असते.

वेळ ठरवण्यासाठी कोकणातल्या दर्यावर्दींचे गणित आजही उत्तम आहे. तिथीची पाऊणपट करावी, जी संख्या येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला किंवा पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. तपशिलासाठी छापील कोष्टक पाहावेच, पण सहलीचा बेत आखायला हे पुरते. अमावास्येला भरती दुपारी बाराला. म्हणजे दहाला उतरावे आणि दोनच्या आत परतावे, नाहीतर संध्याकाळभर चिखल पाहत बसावे. अष्टमीला मात्र भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. शिवाय भांग असल्याने पाण्याची चढउतारही बरीच कमी. ट्रेलरवाल्याला अख्खा दिवस मिळतो तो अष्टमीलाच. अष्टमी रविवारी यावी, एवढीच अडचण. थंडीत सहाला अंधारून येते, तेव्हा होडीचे दिवे आधी तपासलेले असावेत.

धरणांच्या जलाशयांत भरती-ओहोटी नाही, पण तेथे वर्षाची एकच मोठी ओहोटी असते. कोयनेच्या शिवसागरात तापोळा-बामणोली परिसरात ऑक्टोबरमध्ये जेथे काठ असतो, तेथून मे महिन्यात पाणी बरेच खाली गेलेले दिसते. बांधलेली होडी दर काही दिवसांनी खाली सरकवली नाही तर ती उतारावर कोरडी पडते. पक्का उतार बांधला तर तो उन्हाळ्यात पाण्यापर्यंत पोहोचत नाही. अशा ठिकाणी हलकी होडी, हलका ट्रेलर आणि चारही चाकांना शक्ती पुरवणारे वाहन हेच व्यवहार्य. जलाशयात मोटरबोट चालवण्यास त्या त्या धरणाच्या यंत्रणेची परवानगी आहे की नाही, हे आधी पाहावे. अनेक जलाशय पिण्याच्या पाण्याचे आहेत.

ट्रेलरची होडी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते, तेव्हा ती एकटी जात नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे, भरतीच्या प्रचंड फरकामुळे दरवाजे घालून बंदिस्त केलेल्या मरिनांमध्ये काळ्या पट्ट्यांचा एक परका शिंपला आढळला. तो बाहेर पसरू नये म्हणून प्रशासनाने दरवाजे बंद करून संपूर्ण पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले, आणि महिन्याभरात तेथील सर्व जीवसृष्टीसह तो नष्ट केला. हाच शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबईच्या गोद्यांमध्ये त्याआधीच येऊन स्थिरावला होता. समुद्रातून जलाशयात जाण्यापूर्वी होडी पूर्ण रिकामी करणे, धुणे आणि काही दिवस वाळवणे, हा नियम म्हणूनच इंजिन वाचवण्यापुरता नाही.

पेट्रोलविषयी थोडे. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि पाणी जास्त झाले की तळाशी वेगळे होते. रोज चालणाऱ्या मोटारीला याची फारशी झळ लागत नाही. दोन महिने बोयावर डुलणाऱ्या होडीला लागते. टाकीबाहेर पाणी वेगळे करणारे फिल्टर बसवावे आणि जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या बदलाव्यात. ट्रेलरच्या होडीची सुटी टाकी काढून ते पेट्रोल मोटारीत वापरता येते, हा तिचा छोटासा पण खरा फायदा.

तर मग काय करावे? मांडव्याला किंवा रेवसला घर आहे, आठवड्याला एकदा तरी फेरी होते आणि होडीकडे पाहणारा भरवशाचा खलाशी आहे, अशांनी ती पाण्यातच ठेवावी. महिन्यातून एकदा जाणाऱ्याने बोयाचे भाडे, रंग आणि पाणबुड्या यांवर खर्च करणे म्हणजे न वापरलेल्या होडीची वर्गणी भरणे होय. त्याला ट्रेलर बरा. पण तो रस्त्यावर लांब ओढण्यासाठी नव्हे. किनाऱ्यालगत एखादे कुंपणाचे आवार भाड्याने घ्यावे, होडी ट्रेलरवरच तेथे ठेवावी आणि धक्क्यापर्यंतचे अर्धा-एक किलोमीटर ट्रॅक्टरने न्यावे. फ्लोरिडात यासाठी होड्या मांडणीवर एकावर एक रचून ठेवणारी गोदामे आहेत. आपल्याकडचा ट्रॅक्टर तेच काम कमी थाटात करतो. घाट ओलांडून होडी नेणे हे फक्त चारशे-पाचशे किलोच्या हलक्या होडीसाठी राखून ठेवावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जून उजाडला की मात्र हा वाद संपतो. गेटवे-मांडवा प्रवासी लाँचसेवा मेअखेरीस थांबते, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते आणि उघड्या किनाऱ्यावर लहान होडी पाण्यात ठेवण्याचे धाडस कोणी करीत नाही. कोळी बांधव मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या नौका वर ओढून शाकारतात; हौशी मालकाने त्यांच्या आधी आठवडाभर आपली होडी वर घ्यावी, कारण नंतर क्रेन आणि माणसे मिळत नाहीत. तळ त्याच दिवशी, ओला असतानाच खरवडावा; बार्नॅकल वाळले की छिन्नी लागते. इंजिनातून गोडे पाणी फिरवावे, गिअरचे तेल बदलावे. जुन्या तेलाचा रंग दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे, आणि ते सील पावसाळ्यातच बदलून घ्यावे. बॅटरी घरी आणावी. आच्छादनाखाली हवा खेळती राहील एवढी फट ठेवावी. नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र शांत झाल्यावर होडी पुन्हा उतरवताना बोयाची साखळी पाणबुड्याने पाहून दिल्यावरच तिला तेथे बांधावे, आणि पहिल्या रात्री किनाऱ्यावरच मुक्काम करावा.